हातांची दुसरी प्रत

आमच्या गाळ्यात बोटं बनतात. तळवड्याच्या औद्योगिक भागात एका बाजूला पावडर कोटिंगवाला, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी करणारा, आणि मधे आम्ही. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना मी 'खोकीवाल्याच्या शेजारी' असंच सांगते. 'बोटांचा कारखाना' म्हटलं की तो आरशातून माझ्याकडेच बघत बसतो आणि रस्त्यावरचं लक्ष उडतं.

चाकण, भोसरी, तळेगाव या पट्ट्यात पत्रा दाबणारी प्रेस मशिनं तिन्ही शिफ्टला चालू असतात. एखादं मशिन कधीतरी नको त्या क्षणी खाली येतं. माणूस वाचतो, पुष्कळदा नोकरीही वाचते, बोटं वाचत नाहीत. अशा लोकांसाठी मी आणि माझा धाकटा भाऊ सिलिकॉनची बोटं बनवतो. ती हलत नाहीत. पण अंगठा शाबूत असेल तर त्यांच्या आधाराने पेला धरता येतो, स्कूटरचं हँडल धरता येतं. आणि लग्नकार्यात कुणाशी हात मिळवला तर समोरच्याची नजर खाली जात नाही. हे शेवटचं कारण कुणी तोंडाने सांगत नाही, पण बहुतेक जण त्यासाठीच येतात.

आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची, उजव्या हाताची दोन बोटं मी शाळेत असताना गेली. ते पिंपरीतल्या एका कंपनीत प्रेसवर होते. त्यानंतर कित्येक वर्षं आमच्या घरच्या एकाही फोटोत त्यांचा उजवा हात दिसत नाही. कधी तो खिशात आहे, कधी आईच्या पाठीमागे, कधी माझ्या खांद्याआड. मी कृत्रिम अवयवांचं शिक्षण घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यांनी कारण विचारलं नाही. फक्त एवढंच म्हणाले, "शिकायचं तर नीट शिक. अर्धवट काम हाताला लागतं."

आम्ही गाळा सुरू केला तेव्हा पहिली बोटं त्यांची केली. भावाच्या लग्नात ती लावून अण्णा मांडवाच्या दारात उभे राहिले आणि येईल त्याला जयभीम करून उजवा हात पुढे करत राहिले. पाहुणे आत जाऊन बसले, जेवणं सुरू झाली, तरी ते दारातच. शेवटी आईने जाऊन त्यांना आत आणलं. "अहो, मांडववाल्याशी पण हात मिळवलात, आता पुरे," असं ती म्हणाली आणि दोघंही हसत सुटले. पुढे काही वर्षांनी अण्णा गेले.

बोटं कशी बनतात ते थोडक्यात सांगायला हवं, म्हणजे आमचं काय गेलं ते समजेल. माणसाचा जो हात धड आहे तो आम्ही स्कॅन करतो. छोट्या टॉर्चसारखं यंत्र हाताभोवती फिरवायचं, की संगणकावर तो हात जसाच्या तसा उभा राहतो, सांध्यावरच्या सुरकुत्यांसकट. मग तो आरशात दिसावा तसा उलटा करायचा. डाव्याचा उजवा होतो. त्यातून हवी ती बोटं घ्यायची, साचा करायचा, सिलिकॉन ओतायचं, रंग चढवायचा. रंगाची कृती प्रत्येकाची वेगळी. उन्हात राबणाऱ्याच्या बोटांचा वरचा रंग आणि तळव्याकडचा रंग यांत फार फरक असतो, नखाशी थोडा गुलाबी लागतो. सिलिकॉन कायमचं टिकत नाही. हळदीचे डाग पडतात, कडा फाटतात, उन्हाने रंग उतरतो. एक-दोन वर्षांनी माणूस पुन्हा येतो आणि आम्ही जुना स्कॅन काढून नवीन बोटं करून देतो. म्हणून स्कॅन आणि रंगाची कृती जपून ठेवणं हा आमच्या धंद्याचा अर्धा भाग. बाकीचा अर्धा म्हणजे सिलिकॉन.

हे सगळं आम्ही एका होस्टिंग कंपनीच्या, म्हणजे फाइलींसाठी जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या, सर्व्हरवर ठेवत होतो. ती कंपनी दुसऱ्या शहरात. भावाने नीट चौकशी करून निवडली होती. त्यांच्या माहितीत स्पष्ट लिहिलं होतं, रोज बॅकअप घेतला जातो. ते खरंही होतं. स्कॅनच्या फाइली जड असतात, आमचा लॅपटॉप लवकर भरतो. त्यामुळे काम झालं की फाइल वर पाठवायची आणि लॅपटॉपवरची काढून टाकायची, अशी आमची पद्धत पडली होती. ओळखीच्या सगळ्या गाळ्यांची हीच पद्धत. खोकीवाल्याची डिझाइनं अशीच वर असतात, पावडर कोटिंगवाल्याचा सगळा हिशेब वर असतो. 'वर आहे' म्हटलं की आपण निर्धास्त होतो. वर म्हणजे कुठे, हे कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

एका सोमवारी सकाळी भावाने लॅपटॉप उघडला आणि एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिला. मी सिलिकॉन कालवत होते. ते कालवायला घेतलं की मधे थांबता येत नाही, म्हणून मान वर न करताच विचारलं, "काय रे?"

"उघडत नाहीये."

"नेट गेलं असेल."

"नेट आहे. त्यांचंच उघडत नाहीये."

दुपारपर्यंत वाट पाहिली. मग त्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. खूप वेळ वाजल्यावर एका माणसाने उचलला. आवाज बसलेला, जणू सकाळपासून एकच वाक्य बोलून बोलून घसा कोरडा पडला होता.

"मॅडम, आमच्या डेटा सेंटरला आग लागली."

माझ्या तोंडून पहिलं वाक्य गेलं, "कुणाला काही झालं का?"

तो म्हणाला, "नाही मॅडम. सगळे वेळेत बाहेर पडले." आणि जरा थांबून, "हे विचारणाऱ्या आज तुम्ही पहिल्याच."

मी त्याला आमचं काम काय ते सांगितलं. फाइली गेल्या असतील तर बॅकअपवरून परत द्या, असंही म्हणाले. मला वाटत होतं, दोन-चार दिवस लागतील एवढंच.

"बॅकअप होता मॅडम. रोज घेतला जात होता."

"मग?"

"त्याच इमारतीत होता. पलीकडच्या खोलीत."

मी फोन ठेवला. भाऊ माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मी सांगितल्यावर तो खुर्चीत मागे टेकला. मला वाटलं तो ग्राहकांबद्दल बोलेल, किंवा चिडेल. तो हळूच म्हणाला, "ताई, अण्णांचा हात पण त्यातच होता."

माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. अण्णांचे फोटो घरात पुष्कळ आहेत, पण खरा हात नीट दिसेल असा एकही नाही. तो स्कॅन ही त्यांच्या हाताची एकमेव खूण होती. तोही उजवा नव्हे, डावा, धड असलेला, आम्ही मोजायला घेतलेला. स्कॅन करताना ते हलत होते म्हणून भाऊ त्यांना ओरडला होता, आणि ते शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले होते.

आईला आम्ही बरेच दिवस सांगितलंच नाही.

त्या आठवड्यात आम्ही लोकांना फोन करायला सुरुवात केली. तिथे दुसरा धक्का बसला. पत्ते आणि फोन नंबरही त्याच सर्व्हरवर होते. मग माझ्या मोबाइलमधले जुने कॉल, व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो, कुणी पाठवलेला दिवाळीचा शुभेच्छा-संदेश, असं करत करत माणसं शोधली. 'प्रेस काका निघोजे', 'वायरिंगवाली ताई', 'दोन बोटं महाळुंगे' अशी नावं मी मोबाइलमध्ये टाकली होती. ती वाचून भाऊ एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

बरीच माणसं आली. सुट्टीच्या दिवशी, कुणी शिफ्ट सुटल्यावर तसंच, अंगावर कंपनीचा शर्ट ठेवून. मी प्रत्येकाला खरं सांगत होते: आमच्याकडची तुमची फाइल गेली, हात पुन्हा स्कॅन करावा लागेल. कुणी रागावेल असं वाटत होतं. वायरिंगवाली ताई मूळची लातूरकडची, मोठ्याने हसली. "माझा हात आगीत जळला म्हणता? आणि मला कळलंबी नाही!" असं म्हणत तिने डावा हात टेबलावर ठेवला आणि उजव्याने पिशवीतून आमच्यासाठी आणलेली बालूशाही काढली. एकाने विचारलं, "मॅडम, तुमचं किती नुकसान झालं?" नुकसान त्याचं नव्हे, आमचं झालं, असं त्याने धरलं होतं.

काही माणसं मात्र सापडली नाहीत. नोकरी बदलून, गाव बदलून, नंबर बदलून गेलेली. त्यांची बोटं फाटतील, ते आमच्याकडे येतील, कदाचित येणारही नाहीत.

महिन्याभराने त्या मदतकेंद्रातल्या माणसाचाच फोन आला. काहीही वाचलेलं नाही हे कळवायला. ते सांगून झाल्यावर त्याने फोन ठेवला नाही.

"ताई, एक सांगू? हे कंपनीचं म्हणून नाही सांगत."

मी म्हटलं, सांगा.

"आमच्या बॅकअपवर राहू नका. कुणाच्याच बॅकअपवर राहू नका. आमचा बॅकअप आमच्यासाठी असतो, आमचं मशिन बिघडलं तर आम्ही पुन्हा उभे राहावं म्हणून. तुमची एक प्रत तुमच्याकडे ठेवा. जिथे आमचा हात पोचणार नाही, तिथे. आम्ही बंद पडलो, आमच्याकडून चुकून खातं पुसलं गेलं, कुणी पासवर्ड चोरून आत शिरलं, तरी ती प्रत उरली पाहिजे."

"तुमच्या घरचं काय ठेवलंय तुम्ही असं?" मी विचारलं.

तो थोडा हसला. "मुलीचे फोटो. माझ्या बहिणीकडे एका डिस्कवर ठेवलेत. आमच्या कंपनीत असून मी आमच्या कंपनीत नाही ठेवले."

त्यानंतर त्याच्याशी कधी बोलणं झालं नाही. पण आज आमच्याकडे जी व्यवस्था आहे ती त्याच्या त्या चार वाक्यांवर उभी आहे. भावाने नवीन होस्टिंग घेतलं, कारण रोजच्या कामाला ते लागतंच. त्याशिवाय दुसऱ्या एका कंपनीकडे, वेगळ्या शहरात, वेगळ्या पासवर्डने एक प्रत. आणि तिसरी एका हार्ड डिस्कवर, पिंपळे सौदागरला त्याच्या घरी, आईच्या कपाटात. ती डिस्क आठवड्यातून एकदा गाळ्यात येते, भरली जाते, केबल काढून परत जाते. एरवी ती कशालाही जोडलेली नसते. आईने तिला एक जुना रुमाल गुंडाळला आहे. धूळ बसू नये म्हणून, असं ती म्हणते.

यातही एक फजिती झाली. दोन-तीन महिने डिस्क अशी ये-जा करत होती आणि आम्ही खूश होतो. एकदा सहज मी म्हटलं, "त्यातला एक हात उघडून दाखव ना." भावाने उघडला. नाव होतं, आत काहीच नाही. आणखी एक उघडला, तोही रिकामा. डिस्कवर नुसती नावं उतरत होती, हात उतरतच नव्हते. सुदैवाने तेव्हा वरच्या दोन्ही प्रती धड होत्या. त्या दिवसापासून महिन्यातून एकदा, कोणताही एक हात डिस्कवरून उघडून, वळवून, नखं-सुरकुत्या सगळं बघूनच आम्ही तो तपासला म्हणतो. बॅकअप घेतला यावर विश्वास ठेवायचा नाही, बॅकअप उघडला यावर ठेवायचा.

पण हे सगळं पुढचं. जे गेलं होतं ते गेलंच होतं, आणि त्यातला एक हात असा होता की तो पुन्हा स्कॅन करता येत नव्हता.

चाकणजवळच्या एका गावातून एका काकूंचा फोन आला. त्यांच्या मालकांची, म्हणजे काकांची, उजव्या हाताची चारही बोटं प्रेसमध्ये गेली होती, अंगठा तेवढा राहिला होता. आम्ही त्यांना बोटं करून दिली होती. मला दोघंही चांगले आठवत होते. काका बोलायला कमी, काकू त्या दोघांचं मिळून बोलणाऱ्या.

"पोरी, ती बोटं फाटली गं. नवी करून देशील का?"

"देते की काकू. फक्त काकांना एकदा घेऊन या. आमच्याकडची फाइल गेलीय, डावा हात पुन्हा मोजावा लागेल."

पलीकडे आवाज खाली गेला. "डावं अंग गेलंय त्यांचं. थंडीत झटका आला. डाव्या हाताची मूठ वळलीय, ती उघडतच न्हाई. आता हाय तो उजवाच."

आगीच्या आधी हाच फोन आला असता तर मी म्हटलं असतं, आठ दिवसांनी घेऊन जा. त्यांचा सरळ, मोकळा डावा हात आमच्याकडे होता. आता तो त्यांच्याकडेही नव्हता आणि आमच्याकडेही.

भावाला एक आठवलं. सुरुवातीला आमच्याकडे साचे छापायचं मशिन, म्हणजे थ्रीडी प्रिंटर, नव्हतं, तेव्हा आम्ही स्कॅन ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाठवायचो. ते छापून द्यायचे. "त्यांच्या संगणकावर राहिले असतील तर?" असं म्हणत त्याने गाडीची किल्ली उचलली. मीही निघाले.

प्रयोगशाळेच्या बाईंनी आम्हाला ओळखलं. जुना संगणक कोपऱ्यात होता, त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर. "हा आम्ही काढून टाकणारच होतो," असं म्हणत त्यांनी तो चालू केला. आमच्या नावाचा फोल्डर निघाला. भाऊ एक-एक नाव वाचत खाली जात होता आणि मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. काकांचं नाव नव्हतं. ते आमच्याकडे आले तोवर आम्ही स्वतःचं मशिन घेतलं होतं.

सगळ्यात जुनी फाइल मात्र तिथे होती. तिचं नाव नुसतं 'अण्णा' असं होतं.

भावाने ती उघडली. पडद्यावर करड्या रंगाचा हात आला. अंगठ्याच्या मुळाशी जुन्या भाजल्याची खूण, करंगळीचं नख थोडं वाकडं. त्याने माउसने तो हळूहळू फिरवला. तळवा आमच्याकडे आला. मी बोट पुढे करून पडद्याला लावलं, आणि मग लाज वाटून मागे घेतलं.

बाईंनी विचारलं, "हवी होती ती मिळाली ना?"

"एक मिळाली," भाऊ म्हणाला. "ज्यासाठी आलो ती नाही."

त्या दिवशी घरी जाऊन त्याने आईला सगळं सांगितलं, गेलेलंही आणि सापडलेलंही. लॅपटॉपवर तिला तो हात दाखवला. आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "हा डावा आहे. उजवा कर." त्याने आरशातल्यासारखा उलटा केला. पडद्यावर पाचही बोटांचा उजवा हात आला, प्रेसच्या आधीचा, जो आम्हा भावंडांना नीट आठवतच नव्हता. आईला आठवत होता. ती डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "हां. असाच."

काकांसाठी आम्ही स्कॅनर घेऊन त्यांच्या गावी गेलो. घर रस्त्याच्या कडेला, मागे त्यांचंच एकेकाळचं शेत आणि आता त्यात कंपनीची निळी शेड. काका पडवीत खुर्चीवर बसले होते. डावा हात पोटाशी, मूठ घट्ट. उजव्या हाताला फाटलेली बोटं चिकटपट्टीने बांधलेली. त्यांनी आमच्याकडे बघून मान हलवली. बोलणं अजून जड होतं.

मी काकूंना म्हटलं, "मूठ थोडी जरी उघडली तरी चालेल. एकेक बोट वेगळं मोजू आणि नंतर जोडू."

"उघडतील की. माझं ऐकतात," काकू म्हणाल्या आणि आतून कोमट पाण्याचं घमेलं घेऊन आल्या. त्यांनी काकांचा हात त्यात ठेवला, स्वतः खाली बसल्या आणि मनगटापासून हळूहळू चोळायला लागल्या.

"अवो, सोडा की जरा. पोरं लांबनं आल्यात."

काकांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने पहिलं बोट सुटलं. काकूंनी ते आपल्या दोन बोटांत सरळ धरलं, टॉवेलने टिपलं, आणि भावाने पटकन स्कॅनर फिरवला. ते झालं की पुन्हा पाणी, पुन्हा चोळणं, मग दुसरं. मधेच मूठ परत वळायची. काकू न कंटाळता पुन्हा सुरुवात करायच्या, आणि हात चोळता चोळता त्याच्याशीच बोलायच्या, की आज शेजारणीची गाय व्याली, की थोरल्याचा फोन आला होता, की हे पाणी फार गरम तर न्हाई ना. काका मधेच 'हं' म्हणायचे.

करंगळी शेवटची. ती सरळ झाल्यावर काकूंनी मान हलवली. "ही अशी न्हवती. आता आजारानं तिचं वळणच गेलंय. आधी आतल्या अंगाला वळलेली व्हती, अशी." आणि त्यांनी स्वतःची करंगळी थोडी आत वाकवून दाखवली. "लगीन झालं तवा हळदीला बघितली मी. म्हनलं, ह्या मानसाची करंगळी लाजतीय."

काका डोळे मिटलेलेच हसले. अर्धंच तोंड हसलं, पण हसले.

आम्ही जुनी फाटकी बोटंही बरोबर घेतली. वापरून ती चेपली होती, त्यांवरून आकार घेता येत नव्हता, पण त्यांच्यावर कातडीच्या रेषा होत्या, त्या तरी मिळाल्या. गाळ्यात भावाने चार बोटं संगणकावर एकत्र बसवली. ते फार किचकट काम होतं. पहिल्या खेपेला पेला धरायच्या जागी बोटं अंगठ्यापासून लांब पडली, काकांच्या हातातून स्टीलचा पेला घसरून पडवीभर चहा झाला. काकू म्हणाल्या, "असू दे, फरशी तहानलेली व्हती." आम्ही परत येऊन पुन्हा केली. करंगळी काकूंनी दाखवली तेवढी आत वळवली. रंगाची कृती तर गेलीच होती. मी पडवीत उजेडाला बसून काकांच्या अंगठ्याशेजारी एकेक छटा धरून बघत होते, आणि काकू मागून सांगत होत्या, "अजून जरा उन्हाची कर."

दुसऱ्या खेपेला काकांनी पेला धरला. अंगठा आणि आमची बोटं यांच्यामध्ये पेला घट्ट बसला. त्यांनी तो हळूहळू वर नेला, ओठांना लावला, एक घोट घेतला. झटक्यानंतर त्यांनी स्वतःच्या हाताने घेतलेला पहिला चहा होता तो. काकू एकदम उठल्या. "साखर घालायचीच राहिली," असं म्हणत आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. काका तोच चहा पीत राहिले. मग मला म्हणाले, शब्द जोडत जोडत, "साखर... हाय... ह्यात."

निघताना मी काकूंच्या हातात एक पेन ड्राइव्ह ठेवला. आता आम्ही प्रत्येकाला त्याच्या हाताची एक प्रत देतोच. आमचं सगळं एकदम गेलं, आम्हीच उद्या नसलो, तरी दुसऱ्या कुणालाही त्यावरून बोटं करता यावीत. मी समजावून सांगितलं, यात काकांचा हात आहे, पाण्यापासून आणि उन्हापासून जपा.

त्यांनी तो तळव्यावर घेऊन वजन केल्यासारखा बघितला. "एवढ्याशात हात मावला? फ्रिजवर ठेवू का? की कपाटात?"

"कपाटात चालेल."

"मग माझ्या शालूच्या घडीत ठेवते. तिथं कुनी हात घालत न्हाई."

आता त्या मला अधूनमधून फोन करतात. काकांची तब्येत सांगतात, पाऊस सांगतात, मागच्या शेडचा आवाज किती येतो ते सांगतात, आणि ठेवता ठेवता म्हणतात, "ते हाय हं जागेवर. आत्ताच बघितलं."

मी त्यांना म्हणते, "काकू, पुढच्या वेळी येताना बरोबर आणा. नुसतं जागेवर असून भागत नाही, आपण ते उघडून बघू."

"व्हय व्हय," त्या म्हणतात. "आनते. यांनाच घेऊन येते."